आर्थिक संकटातल्या सुधारणांनी सरकारची भूमिका कितपत बदलते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंदी येते, बँका बुडतात, तिजोरीत खडखडाट होतो आणि सरकार धडाधड कायदे करत सुटतं. दहा-वीस वर्षांनी बघावं तर त्यातलं काय उरलेलं असतं? इतिहास, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना हा प्रश्न परीक्षेत भेटतो. बाकीच्यांना तो बातम्या वाचताना पडतो. नेहमी येणारे प्रश्न खाली घेतले आहेत. सगळ्यांना सारखी जागा दिलेली नाही. अमेरिकेच्या १९३३ नंतरच्या सुधारणांवर, म्हणजे महामंदीतल्या ‘न्यू डील’वर, सगळ्यात जास्त लिहिलं आहे, कारण या विषयातली बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

‘भूमिका बदलली’ असं कधी म्हणायचं? खर्च वाढला की?

नुसत्या खर्चावरून काही कळत नाही. पूर आला की सरकार खर्च करतं, पाणी ओसरलं की हात आखडता घेतं. भूमिका तीच राहते. ती बदलते तेव्हा लोकांची अपेक्षा बदललेली असते. काल ज्या गोष्टीसाठी माणूस भावाकडे, मालकाकडे, देवळाकडे किंवा नशिबाकडे बघायचा, तिच्यासाठी आज तो सरकारला जाब विचारतो.

मी तीन गोष्टी बघतो. संकट सरून दहा वर्षं झाली, त्या कामासाठी उघडलेलं कार्यालय अजून चालू आहे का? त्याचा पैसा दरवर्षी वाद न होता अर्थसंकल्पात येतो का? आणि उद्या ते बंद करायचं ठरवलं तर बोंब कोण मारेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणीच नाही’ असेल तर पहिल्या दोन गोष्टी फार दिवस टिकत नाहीत.

थोडक्यात उत्तर द्यायचं तर?

सरकार किती मोठं आहे हे संकटातल्या सुधारणांनी वाटतं त्यापेक्षा कमी बदलतं. ते कशाबद्दल उत्तर द्यायला बांधील आहे, हे मात्र पुष्कळ बदलू शकतं. रोजगाराची कामं, रोख मदत, आणीबाणीचे हुकूम यांतलं बहुतेक विरून जातं. ज्या सुधारणेने लोकांच्या हातात हक्क दिला आणि त्या हक्कासाठी कुठे जायचं ते दार उघडून दिलं, ती राहते.

१९३३ च्या आधी अमेरिकेचं केंद्र सरकार करत तरी काय होतं?

टपाल, सैन्य, जकात, माजी सैनिकांचं निवृत्तिवेतन, न्यायालयं. १९२९ मध्ये केंद्राचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आसपास होता. सामान्य माणसाला वॉशिंग्टन भेटायचं ते पोस्टमनच्या रूपात. बेकाराला मदत करणं हे शहराचं, राज्याचं आणि धर्मादाय संस्थांचं काम मानलं जाई.

अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर हातावर हात धरून बसले होते, असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धवट खरं आहे. बँका, विमा कंपन्या आणि रेल्वे यांना कर्ज देणारं पुनर्रचना वित्त महामंडळ त्यांच्याच काळात, जानेवारी १९३२ मध्ये स्थापन झालं. त्याच वर्षी जुलैत राज्यांना मदतकार्यासाठी ३० कोटी डॉलरची तरतूद झाली, पण कर्ज म्हणून. भुकेल्याला जेवू घालायचं तर राज्याने उसने पैसे काढून घालावं, असा तो विचार. यंत्रणा तयार होती. ती थेट माणसापर्यंत न्यायची मनाची तयारी नव्हती.

मग १९३३ मध्ये एवढं काय घडलं?

४ मार्चला फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा बहुतेक राज्यांत बँका बंद होत्या किंवा पैसे काढण्यावर निर्बंध होते. दर चार कामगारांमागे जवळपास एक बेकार होता. ६ मार्चला देशभर बँकांना सुट्टी जाहीर झाली. ९ मार्चला आणीबाणीचा बँक कायदा मांडला गेला आणि त्याच दिवशी मंजूर झाला. सगळ्या सदस्यांच्या हातात छापील प्रतसुद्धा पडली नव्हती. १२ मार्चच्या रविवारी रात्री रूझवेल्ट रेडिओवर आले. बँकेत ठेवलेला पैसा बँक तिजोरीत कोंडून ठेवत नाही, पुढे कर्जाऊ देते, इथपासून त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. सोमवारी निवडक बँका उघडल्या आणि लोकांनी पैसे काढण्याऐवजी भरायला रांगा लावल्या.

हे नाट्य विलक्षणच होतं. पण भूमिका त्या आठवड्यात बदलली नाही. आणीबाणीत अधिकार वापरणं सरकारला नवं नव्हतं. खरा बदल त्याच वर्षीच्या जूनमध्ये, बँकांच्या दुसऱ्या कायद्याने झाला.

ठेवींचा विमा? ती तर अगदी रटाळ तरतूद वाटते.

वाटते खरी. म्हणूनच ती टिकली असावी. १ जानेवारी १९३४ पासून प्रत्येक ठेवीदाराला २,५०० डॉलरपर्यंत विमा मिळाला, त्याच वर्षी जुलैत ही मर्यादा ५,००० झाली. गंमत म्हणजे रूझवेल्ट यांना स्वतःला ही कल्पना पसंत नव्हती. चांगल्या बँकांनी वाईट बँकांचं पाप का भरावं, हा त्यांचा आक्षेप होता. मोठे बँकवालेही विरोधात होते. रेटा होता संसदेचा, तोही मुख्यतः छोट्या गावांतल्या बँकांच्या बाजूने.

१९३३ मध्ये सुमारे ४,००० बँका बंद पडल्या होत्या. १९३४ मध्ये विमा उतरवलेल्या बँकांपैकी अवघ्या ९ बुडाल्या. आता हे ठेवीदाराच्या जागी बसून बघा. आधी बँक डगमगल्याची कुणकुण लागली की पहाटे उठून दारात पहिला नंबर लावणं हाच शहाणपणा होता, आणि सगळेच शहाणे झाले की धडधाकट बँकही आडवी व्हायची. विम्यानंतर तीच कुणकुण ऐकून माणूस कूस बदलून झोपू शकला. ‘माझी बँक बरी आहे का’ ही काळजी त्याच्याकडून सरकारकडे गेली, आणि काळजी घ्यायची म्हटल्यावर बँकांची वह्या-खाती तपासायचा अधिकारही सरकारकडे आला. हमी दिली की मागोमाग तपासनीस येतोच.

आज ही मर्यादा २,५०,००० डॉलर आहे आणि हा विमा काढून टाका असं कुठलाही मोठा पक्ष म्हणत नाही.

न्यायालयांनी हे सगळं सहज चालू दिलं?

छे. इथे कोंबड्यांची गोष्ट सांगावीच लागेल.

१९३३ च्या राष्ट्रीय औद्योगिक पुनरुत्थान कायद्याखाली पाचशेहून जास्त धंद्यांसाठी आचारसंहिता तयार झाल्या. किंमत, मजुरी, कामाचे तास, सगळं त्यांत. न्यूयॉर्कच्या जिवंत कोंबड्यांच्या घाऊक बाजारालाही एक संहिता होती. तिच्यात एक कलम असं की गिऱ्हाइकाने खुराड्यातली आपल्या पसंतीची कोंबडी निवडायची नाही, घ्यायचं तर अख्खं किंवा अर्धं खुराडं घ्यायचं, नाहीतर हाताला येईल ती कोंबडी. ब्रुकलिनच्या शेक्टर बंधूंवर या आणि इतर कलमांखाली खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयात पोचला तेव्हा, हाताला येईल ती कोंबडी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं यावर न्यायदालनात हशा पिकला. २७ मे १९३५ ला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने कायदा रद्द केला. कायदे करण्याचा संसदेचा अधिकार असा मोघमपणे अध्यक्षांच्या हवाली करता येत नाही, आणि ब्रुकलिनमध्ये विकली जाणारी कोंबडी म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे, ही त्यांची मुख्य कारणं.

जानेवारी १९३६ मध्ये न्यू डीलमधला शेतीचा कायदाही न्यायालयात पडला. रूझवेल्ट चिडले आणि १९३७ मध्ये त्यांनी न्यायाधीशांची संख्या वाढवण्याचा घाट घातला. तो त्यांच्याच पक्षाने हाणून पाडला. पण तो वाद रंगात असतानाच न्यायालयाने वळण घेतलं होतं. मार्चमध्ये किमान वेतनाचा राज्याचा कायदा वैध ठरला, एप्रिलमध्ये कामगार संघटनांना संरक्षण देणारा केंद्राचा कायदाही. माझ्या मते कुठल्याही एका योजनेपेक्षा हे वळण मोठं. योजना पैशावर चालते. ‘हे केंद्राला करता येतं’ हे एकदा घटनेच्या अर्थात बसलं की पुढच्या सरकारांना तो वाद पुन्हा मुळापासून घालावा लागत नाही. १९३८ मध्ये ताशी २५ सेंट किमान वेतनाचा कायदा आला तो याच जोरावर.

वृद्धांच्या पेन्शनला एवढं महत्त्व का?

कारण तिथे मदतीचा हक्क झाला.

सामाजिक सुरक्षा कायदा १४ ऑगस्ट १९३५ चा. नोव्हेंबर १९३६ पासून टपाल कार्यालयांनी लोकांना क्रमांकाची कार्डं द्यायला सुरुवात केली आणि १९३७ च्या मध्यापर्यंत तीन कोटींहून जास्त लोकांच्या खिशात ती पोचली. जानेवारी १९३७ पासून पगारातून वर्गणी कापली जाऊ लागली. अर्थतज्ज्ञांनी तेव्हाही बजावलं होतं की मंदीत पगार कापणं उफराटं आहे. रूझवेल्ट यांचं म्हणणं असं की हा मामला अर्थशास्त्राचा नाहीच, राजकारणाचा आहे. माणसाने स्वतःच्या पगारातून भरलंय म्हटल्यावर उद्याचा कुणी पुढारी त्याला हात लावू धजणार नाही.

पहिला मासिक धनादेश ३१ जानेवारी १९४० चा. तो व्हर्माँटमधल्या लडलो गावच्या आयडा मे फुलर यांना मिळाला. त्या वकिलाच्या कचेरीत काम करायच्या. रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. तीन वर्षांत त्यांनी भरले होते २४ डॉलर ७५ सेंट, म्हणजे दुसऱ्या महिन्यातच सगळं वसूल झालं. पुढे बाई शंभर वर्षं जगल्या आणि एकूण २२,८८८ डॉलर ९२ सेंट घेतले. हिशेबनीसाच्या पोटात गोळा आणणारा हा आकडा आहे. राजकारण्याने मात्र त्यातून वेगळंच वाचलं: गावोगाव अशी माणसं झाली की योजना कुणाच्या बापाला बंद करता येणार नाही. २००५ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी वर्गणीचा एक भाग खासगी खात्यांत वळवायचा प्रयत्न केला. निवडणूक नुकतीच जिंकलेली, दोन्ही सभागृहांत बहुमत, तरी प्रस्ताव मतदानापर्यंतही गेला नाही.

हा हक्क सगळ्यांना मिळाला का?

नाही. १९३५ च्या कायद्यात शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेकडच्या राज्यांत ही कामं मोठ्या प्रमाणात काळे लोक करत. वगळण्यामागे प्रशासकीय अडचण किती आणि दक्षिणेतल्या मतांचं गणित किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. परिणामाबद्दल मात्र भांडण नाही. त्या लोकांसाठी सरकारची भूमिका १९३५ मध्ये बदललीच नाही. ती बदलू लागली १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्यांनंतर. ‘भूमिका कितपत बदलली’ असं कुणी विचारलं की मी आधी ‘कुणासाठी’ असं विचारतो, ते यामुळे.

काय टिकलं नाही?

बरंच. तरुणांना जंगलात झाडं लावायला नेणाऱ्या नागरी संवर्धन दलात तीसेक लाख जणांनी काम केलं. महिना ३० डॉलर, त्यातले २५ घरी पाठवायचे. १९४२ मध्ये ते गुंडाळलं. रस्ते, शाळा, विमानतळ बांधणाऱ्या डब्ल्यूपीए या यंत्रणेने सुमारे ८५ लाख लोकांना काम दिलं आणि १९४३ मध्ये तिलाही कुलूप लागलं. मागे पूल आणि इमारती राहिल्या. पण ‘काम नसेल तर सरकारने काम द्यावं’ हा हक्क अमेरिकेत रुजला नाही. वरची तिसरी कसोटी इथे लावा. दुसऱ्या महायुद्धामुळे सगळ्यांना काम मिळालं होतं, मग बोंब मारणार कोण? गरज सरो, वैद्य मरो.

म्हणजे खरा बदल न्यू डीलने केला की युद्धाने?

मोजमापात युद्धाने. केंद्राचा खर्च १९३९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या घरात होता, १९४४ मध्ये ४० टक्क्यांच्या वर गेला. प्राप्तिकर भरणारे १९३९ मध्ये सुमारे ४० लाख होते, १९४५ मध्ये चार कोटींहून जास्त. पगारातूनच कर कापून घेण्याची पद्धत १९४३ ची. एवढी तिजोरी शांततेच्या काळात कुणी उभी करू दिली नसती.

शिवाय न्यू डीलने मंदी संपवली असं म्हणणंही धाडसाचं आहे. १९३७ मध्ये बरं चाललंय म्हणून सरकारने खर्चाला कात्री लावली आणि १९३८ मध्ये बेकारी पुन्हा १९ टक्क्यांच्या आसपास गेली. पण युद्धातून आलेला पैसा शांततेत कशावर खर्च करायचा, हे ठरवणारी खाती, कायदे आणि लोकांच्या सवयी १९३० च्या दशकातल्या होत्या. पाणी युद्धाचं, पाट न्यू डीलचे.

संकटात सरकार मागे हटतं, तेव्हाही भूमिका बदलते का?

बदलते, पण ‘सरकार बाहेर पडलं’ या मथळ्याइतकी सरळ नाही. भारताचं १९९१ घ्या. जूनमध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी उरली होती. मे महिन्यात २० टन सोनं परदेशात विकलं गेलं होतं, जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन गहाण पडलं. १ आणि ३ जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं. २४ जुलैला, एकाच दिवशी, नवं औद्योगिक धोरण आणि अर्थसंकल्प दोन्ही आले. पंतप्रधान नरसिंह राव यांच्याकडे उद्योग खातं होतं, अर्थमंत्री होते मनमोहन सिंग, आणि सरकार अल्पमतातलं. १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांची सरकारी परवाना घ्यायची अट गेली. सार्वजनिक क्षेत्रासाठी राखीव उद्योग १७ वरून ८ वर आले.

बारकाईने बघितलं तर एक मजा दिसते. परवाने ज्या कायद्याने लागत होते तो १९५१ चा उद्योग कायदा रद्द झालाच नाही. अधिसूचना काढून त्यातून सूट दिली गेली. पंगू सरकारला संसदेत कायदा रद्द करायला बहुमत लागलं असतं, सूट द्यायला सहीशिक्का पुरला. कुलूप तसंच ठेवलं, फक्त दार उघडं सोडलं.

परवाने गेले म्हणजे सरकार लहान झालं असेल ना?

एका अर्थी झालं. किती टन माल काढायचा आणि कारखाना कुठे उभारायचा, हे दिल्लीतला अधिकारी ठरवायचा ते थांबलं. कंपनीच्या नव्या शेअरची किंमत ठरवणारं भांडवल नियंत्रकाचं कार्यालय १९९२ मध्ये बंद झालं.

पण त्याच वर्षी शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले. १९९७ मध्ये दूरसंचार नियामक आला. किंमत ठरवणारा साहेब गेला आणि खेळाचे नियम पाळले जातात का हे बघणारा पंच आला. पंचाचं काम कमी असतं हा गैरसमज आहे. त्याला जास्त कायदा, जास्त माहिती आणि जास्त हुशार माणसं लागतात. बाजार मोकळा करायचा तर सरकारकडे जास्त क्षमता हवी, ही गोष्ट सुधारणांच्या दोन्ही बाजूंचे लोक विसरतात.

केंद्र आणि राज्यांचा मिळून खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाव हिश्श्याहून थोडा जास्त होता, वीस वर्षांनीही तिथेच होता. बँकिंगचा मोठा भाग सरकारी बँकांकडेच राहिला. २००५ मध्ये ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा आला, २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा. कारखानदाराच्या दृष्टीने सरकार मागे हटलं, शेतमजुराच्या दृष्टीने पुढे आलं. दोघंही खरं बोलतात.

अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींखाली सुधारणा झाल्या तर सरकार कल्याणकारी राहतच नाही, असं म्हणतात.

सगळीकडे तसं घडलेलं नाही. दक्षिण कोरियाने १९९७ च्या डिसेंबरमध्ये नाणेनिधीशी करार केला. कंपन्या बुडाल्या, कामगार कपात सोपी करणारे कायदे झाले, ३ टक्क्यांच्या खाली असलेली बेकारी १९९९ च्या सुरुवातीला ८ टक्क्यांच्या पुढे गेली. १९९८ च्या सुरुवातीला लोक लग्नातल्या अंगठ्या आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्या घेऊन देशाचं कर्ज फेडायला रांगेत उभे राहिले, आणि दोनशे टनांहून जास्त सोनं जमलं. पण त्याच काळात बेकारी विमा छोट्या आस्थापनांपर्यंत नेला गेला आणि १९९९ मध्ये किमान उपजीविकेच्या हक्काचा कायदा झाला. तोवर कंपनी आणि कुटुंब या दोघांनी मिळून माणसाला सांभाळायचं असा तिथला अलिखित करार होता. कंपनीने हात काढून घेतल्यावर सरकारला मध्ये यावंच लागलं.

ग्रीसमध्ये चित्र कडवट आहे. २०१० पासून पेन्शन पुन्हा पुन्हा कापली गेली, अर्थव्यवस्था पाव हिश्शाने आक्रसली. राज्य किती काढून घेतं हे तर बदललंच. पण संकटाआधीच्या घडीपासून सगळ्यात दूर गेलेली गोष्ट तशी अदृश्य आहे: करवसुलीचं खातं २०१७ पासून स्वायत्त केलं गेलं, मंत्र्याच्या फोनपासून दूर.

श्रीमंत कल्याणकारी देशाला संकट आलं तर?

स्वीडन बघा. १६ सप्टेंबर १९९२ ला तिथल्या मध्यवर्ती बँकेने चलन वाचवण्यासाठी व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला. नोव्हेंबरात तो किल्ला पडला आणि क्रोना हे चलन तरंगतं सोडलं, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला. पुढे १९९७ च्या अर्थसंकल्पापासून खर्चावर कमाल मर्यादा आली आणि १९९८ मध्ये पेन्शनचा नवा कायदा झाला, ज्यात पेन्शन देशाच्या कमाईशी बांधली गेली. पैसा कमी पडला तर पेन्शनवाढ आपोआप मंदावते, मंत्र्याला निर्णय घ्यावा लागत नाही. कल्याणकारी राज्य मोडलं नाही, त्याने स्वतःच्या हातात बेड्या घालून घेतल्या. मला हा संकटातला सगळ्यात प्रौढ बदल वाटतो, जरी दवाखाने-शाळांमधल्या नोकरकपातीची झळ तेव्हा लोकांना चांगलीच बसली होती.

विचारसरणीने काही फरक पडतो का?

संकटाच्या ऐन भरात आश्चर्यकारकरीत्या कमी. चिलीचा लष्करी हुकूमशहा पिनोशे याचं सरकार म्हणजे मुक्त बाजाराचं कट्टर पुरस्कर्तं. जानेवारी १९८३ मध्ये त्याच सरकारने देशातल्या प्रमुख बँका ताब्यात घेतल्या. नंतर त्या पुन्हा खासगी झाल्या, पण १९८६ चा बँक कायदा आधीपेक्षा पुष्कळ कडक होता. बैल गेला अन् झोपा केला खरा, पण पुढच्या बैलाला तो कामी आला.

२००८ चं संकट एवढं मोठं, मग सरकारांची भूमिका का बदलली नाही?

अमेरिकेत ७०० अब्ज डॉलरची मंजुरी मिळाली, सरकार विमा कंपनीचं आणि मोटार कंपनीचं मालक झालं, आणि जमेल तितक्या लवकर बाहेर पडलं. जनरल मोटर्समधले शेवटचे शेअर डिसेंबर २०१३ मध्ये विकले. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ग्राहकांसाठी नवं वित्त संरक्षण कार्यालय दिलं, पण १९३५ सारखा थेट हातात पडणारा हक्क दिला नाही.

बदल झाला तो निवडून न येणाऱ्या संस्थेत. मध्यवर्ती बँकेचा ताळेबंद ९०० अब्ज डॉलरच्या आत होता, २०१४ अखेर साडेचार हजार अब्जांच्या आसपास गेला. मोठं काही कोसळलं की मध्यवर्ती बँक बाजारात उतरेल, हे आता सगळे गृहीत धरतात. त्या बदलावर कुणी कधी मत दिलेलं नाही, आणि त्याची पुरेशी चर्चाही होत नाही.

कोणती सुधारणा टिकेल हे आधी ओळखता येतं?

थोडंफार. तिची कल्पना संकटाआधी कुठे वापरून पाहिली असेल तर शक्यता वाढते. बेकारी विमा विस्कॉन्सिन राज्याने १९३२ मध्येच आणला होता, आणि भारताच्या १९९१ च्या धोरणाचे मसुदे सरकारी समित्यांच्या अहवालांत आधीपासून धूळ खात होते. संकटात नवं सुचत नाही, जुना खण उघडला जातो.

दुसरं, लाभार्थी पांगलेले पण संख्येने पुष्कळ असले आणि प्रत्येकाला आपला वाटा आकड्यात सांगता येत असला तर योजना चिवट होते. तिसरं, नियंत्रण असेल तर त्याचा काच कुणाला बसतो ते बघा. बँकांच्या सट्टेबाजीला ठेवींपासून वेगळं ठेवणारी भिंत १९३३ चीच, ठेव विम्याच्याच कायद्यातली. पण ती बँकांना टोचत होती आणि ठेवीदाराला दिसत नव्हती. १९९९ मध्ये ती पाडली गेली. विमा राहिला.

‘तात्पुरतं’ म्हणून आणलेलं कायमचं होतं, हे खरं का?

कधी कधी. २०२१ मध्ये अमेरिकेने मुलांमागे कुटुंबांना मिळणारी करसवलत वाढवून दर महिन्याला खात्यात रोख जमा केली. जुलै ते डिसेंबर असे सहा हप्ते गेले, आणि मुदत संपताच सगळं थांबलं. लोकांना त्याची सवय लागायच्या आतच ते गेलं.

उलट टोकाला ब्रिटनचा प्राप्तिकर. १७९९ मध्ये फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी तो आला. १८१६ मध्ये संसदेने तो रद्द केला आणि लोकांना त्याचा इतका तिटकारा होता की त्याचे कागदही नष्ट करायचा आदेश निघाला. १८४२ मध्ये तिजोरीत तूट पडली म्हणून पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी तो परत आणला, फक्त तीन वर्षांसाठी. कायद्याच्या दृष्टीने तो आजही तात्पुरताच आहे. दरवर्षी ५ एप्रिलला त्याची मुदत संपते आणि दरवर्षी संसद तो नव्याने लावते.